अर्धा टक्का

आमच्या रक्तपेढीची पाच ठिकाणं:
बर्डी, महाल, मानेवाडा, कामठी, हिंगणा.
मी खरेदीचा माणूस. सुया, पिशव्या, फ्रीजचा गॅस,
आणि एप्रिलपासून काच.
केसाएवढी काच, जिच्यातून उजेड धावतो म्हणे.

एप्रिलपासून, कारण त्या रात्री
हिंगण्याच्या पडद्यावर दिसत होत्या
कामठीतल्या ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या.
पडदा दुपारी चारलाच गोठला होता.
पिशव्या गेल्या साडेपाचला.
रामकृष्ण हेडाऊ बर्फाची पेटी स्कूटरला बांधून
अख्खं शहर ओलांडून कामठीला पोचला
आणि तशीच रिकामी पेटी घेऊन फिरला.
मिळालं शेवटी, महालात, फोन करकरून.
हेडाऊ काही बोलला नाही.
बर्फ मोरीत ओतताना मात्र
बराच वेळ तिथंच उभा होता.

विश्वस्त मंडळ म्हणालं, तीन कोटेशनं आणा.

पहिल्याने जाड कागदावर लिहून दिलं:
सेवा नव्व्याण्णव पूर्णांक पाच टक्के.
तो गेल्यावर मी लिफाफ्याच्या पाठीवर गणित मांडलं.
वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.
उरलेला अर्धा टक्का म्हणजे
त्रेचाळीस तास, अठ्ठेचाळीस मिनिटं.
ती कोणती, हे करारात नव्हतं.

दुसऱ्याने नकाशा आणला, त्याची रेघ निळी.
पहिल्याची लाल होती.
मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर
एकावर एक धरले, उन्हात.
अजनीच्या पुढे दोन्ही रेघा जांभळ्या झाल्या.
म्हटलं, एक तुटली तर दुसरी चालावी
म्हणून दोन घ्यायच्या ना?
"हो सर, अगदी बरोबर."
मग एकाच नालीतून कशा?
तो टायपिनशी खेळत राहिला.

तिसरा सगळ्यात स्वस्त.
चहाचे पैसेसुद्धा त्यानेच दिले.

मे महिन्यात मानेवाड्याच्या सिमेंट रोडवर
रात्री दीड वाजता एक माणूस खड्ड्याशी बसलेला दिसला.
डोक्याला दिवा, मांडीवर डब्याएवढं यंत्र,
आणि दोन बोटांत काहीच नाही असं काहीतरी.
गाडी थांबवली. नाव शेषराव उइके.
"दिवसा कापते जेसीबी, राती जोडतो मी.
दिवसा तर हात घामेजून राहतात जी,
काच ऐकत नाही."
कोणत्या कंपनीचे तुम्ही?
"लालवाल्यांचा. निळ्यांचाही मीच.
तो स्वस्तवाला हाय ना, त्याचाही.
म्हणजे ठेकेदाराच्या ठेकेदाराचा."
मी वाकून टोकात डोकावलो.
"डोळा नका लावू बाप्पा!
दिसत नाही तो उजेड, पण डोळा खाते.
दिसला असता तर आमचा भाव वाढला असता."
यंत्राने एकदा पी केलं.
त्याने जोडावर नळी सरकवली,
पुढचा धागा घेतला.
असे अजून बावीस होते.

मग मी तक्ता केला.
रकाने नेहमीचे: दर, वेग, मुदत, दंड, शेरा.
रात्री कोण येणार, याचा रकाना
आमच्या छापील नमुन्यात नाही.
शेऱ्यात पेन्सिलीने उइकेचा मोबाइल नंबर लिहिला
आणि खाली चौथं कोटेशन जोडलं, कोणी न मागितलेलं:
मानेवाड्याला दुसरी लाइन खांबांवरून,
उलट्या बाजूने. दर जवळपास दुप्पट.

डॉक्टर बारापात्रे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"हे एवढं महाग काऊन?"
म्हटलं, वेगळ्या रस्त्याने येते, म्हणून.
पुढे बोलायला तोंड उघडलं,
तर दाराशी हेडाऊ दिसला, चहाचा ट्रे घेऊन.
मी कागदावरचा अर्धा टक्का
बोटाने झाकून बसलो.

ठराव पुढच्या सभेत.
तोवर हेडाऊ रोज संध्याकाळी
पाचही ठिकाणी फोन करतो,
पडद्यावरचे आकडे वहीत उतरवतो, वेळेसकट,
आणि बर्फ लावून ठेवतो.